गाडीचं डोलणं

तुकूम, चंद्रपूर

प्रिय आचल,

प्रत्येक फोनला तू विचारतेस, “दादा कुठी आहे? दे ना त्याले फोन.” आणि मी प्रत्येक वेळी काहीतरी सांगते. ड्यूटीवर गेलेत, आंघोळीला गेलेत, गाडीखाली आहेत. गाडीखाली म्हटलं की तुला लगेच पटतं. “वहिनी, त्या गाडीले सवत समज तू,” असं म्हणून तू हसतेस आणि बोलणं रोशनीच्या शाळेवर, अमरावतीच्या पाण्यावर जातं. मी फोन ठेवते तेव्हा हे पलंगावर बसून माझ्याकडे बघत असतात. तुझा आवाज त्यांना ऐकू आलेला असतो. आज ते शेजारच्या चंदाताईंच्या मिस्टरांबरोबर बाहेर गेलेत, घर रिकामं आहे, म्हणून लिहायला बसले. सुरुवात गाडीपासूनच करते, कारण जे झालं ते गाडीपासूनच सुरू झालं. निदान आम्हाला तसंच वाटत होतं.

ती गाडी घरी आली तो दिवस तुला आठवतो ना? वीज केंद्रातले एक साहेब बदली होऊन चालले होते, त्यांनी ती विकायला काढली. लाल, दोन सीटांची, कापडी छत मागे सरकवता येणारी, इतकी बुटकी की आत बसताना खाटेवरून जमिनीवर उतरल्यासारखं वाटावं. आपल्या चंद्रपूरच्या उन्हात उघड्या गाडीचं काय करायचं, म्हणून सगळी कॉलनी हसली. आईंनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “बाकीचे लोक कुठी बसते?” पण तुझे दादा त्या दिवशी जेवले नाहीत, इतके आनंदात होते. धिवराच्या घरातला पोरगा, ज्यानं बारावीपर्यंत फक्त सायकल आणि बापाचा मासेमारीचा डोंगा चालवला, तो स्पोर्ट्स कार चालवत होता. तुझ्या लग्नात त्यांनी हट्ट धरला की आचलची पाठवणी माझ्याच गाडीतून होईल. सीटा दोनच. तू शेजारी, दादा चालवणार, आणि जावईबापू मागच्या जीपमध्ये वऱ्हाडी बायकांच्या मध्ये दबून बसलेले. ते अजून त्याचा राग काढतात ना तुझ्यावर?

त्या गाडीचं इंजिन त्यांनी कधी फारसं उघडलं नाही. त्यांचा जीव होता तो गाडीच्या खालच्या बाजूत. चाकाला बसलेला धक्का आत बसलेल्या माणसाला पोचू नये म्हणून जे जे लागतं ते सगळं, स्प्रिंगा, शॉकअप, रबरी बुश, बॉलजॉइंट. मला ही नावं लग्नाआधी माहीतसुद्धा नव्हती, आता झोपेत म्हणू शकेन. गाडी बुटकी, त्यामुळे प्रत्येक गतिरोधकाला पोट घासायचं. मग त्यांनी मागच्या स्प्रिंगा बदलून ती थोडी उचलून घेतली. मग वळणावर झुकते म्हणून पुढचा दांडा जाड टाकला. पावसाळा संपला की ती जॅकवर चढायची आणि हे पाठीखाली पोतं टाकून रविवारभर तिच्याखाली. चिखल धुवायचा, रबराला चिरा गेल्यात का बघायचं, नटबोल्ट आवळायचे. मी व्हरांड्यात शाळेतल्या पोरांच्या वह्या तपासत बसायची आणि फक्त त्यांचे पाय दिसायचे. मधूनच उठून ते गाडीचा एकेक कोपरा दोन्ही हातांनी दाबायचे आणि सोडायचे. गाडी एकदा वर येऊन शांत झाली तर शॉकअप चांगला. हलत राहिली तर गेला. मला बोलावून दाखवायचे, “पाह्य रंजीता, कशी बसली जागेवर.” मी म्हणायची, “हो, बसली.” खरं सांगू, मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्यांचा तो चेहरा बघायला मला आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात एका सकाळी ते मोहर्लीच्या रस्त्यानं चक्कर मारून आले आणि म्हणाले, “गाडी डोलून राह्यली.” गुणवंतरावांकडे नेली. मूल रोडवर त्यांचं गॅरेज आहे, तू एकदा तिथे उसाचा रस प्यायली होतीस. त्यांनी चाक काढून दाखवलं, मागच्या एका शॉकअपमधून तेल गळत होतं. म्हणजे दोष खरंच होता, आचल. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते, की तेव्हा दोष खरंच सापडला होता. शॉकअपची जोडी बदलली. काही दिवस बरे गेले. मग परत, “डोलते.” मग बुश बदलले. मग बॉलजॉइंट. मग चाकांचं अलाइनमेंट, ते इथलं पटलं नाही म्हणून नागपूरला नेऊन परत. त्या गाडीचं सामान आता कुठे मिळत नाही, बनवणंच कधीचं बंद झालंय. हे रोज संध्याकाळी मोबाइलवर कुणाकुणाला शोधायचे, गोव्याला, कोइम्बतूरला फोन लावायचे. शेवटी एका माणसानं कडकपणा कमीजास्त करता येणारे शॉकअप पाठवले, पान्यानं एक बटण फिरवलं की गाडी कडक होते, उलटं फिरवलं की मऊ. ते बसवले त्या दिवशी दादा लहान मुलासारखे नाचले. मग रोज त्याचंच. आज कडक करून बघतो, आज मऊ करून बघतो. कडक केलं की रस्त्यावरचा खडान् खडा पाठीला लागायचा. मऊ केलं की ते म्हणायचे, ही तर डोंग्यासारखी हालते.

मी शेजारी बसायची. मला गाडी कधीच डोलल्यासारखी वाटली नाही. एकदा मी तसं म्हणाले तर हे एवढे चिडले, “तुले काय समजते? स्टेअरिंग तुह्या हातात आहे का माह्या?” तुला माहीत आहे तुझे दादा कसे आहेत. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नव्हता. मला वाटलं प्लान्टमध्ये काहीतरी बिनसलं असेल. तिथे त्याच सुमारास त्यांना उंचावर चढायच्या कामावरून काढून स्टोअरला बसवलं होतं. तेही मला उशिरा कळलं, दुसऱ्याकडून.

मागच्या दिवाळीनंतर गावच्या मंडईच्या जत्रेला गेलो होतो, तू येणार होतीस आणि रोशनीला ताप आला म्हणून राहिलीस, ती मंडई. परत निघालो तेव्हा चांगलं लख्ख ऊन होतं. आरमोरीहून गडचिरोलीपर्यंत ठीक आलो. सावली गावाच्या अलीकडे समोरून ट्रकांची रांग होती, सूरजागडच्या खाणीतलं खनिज टाकून रिकामे परतणारे. रस्ता सरळ होता, आचल. एक वळण नव्हतं. आणि आपली गाडी हळूहळू उजवीकडे सरकायला लागली. मी म्हटलं, “अहो.” त्यांनी स्टेअरिंग ओढलं ते एवढं ओढलं की गाडी डाव्या बाजूला रस्ता सोडून खाली उतरली, आणि मग पुन्हा उजवीकडे. ट्रकवाला हॉर्न वाजवत अगदी काठाला जाऊन थांबला. आम्ही कापून ठेवलेल्या धानाच्या पेंढ्यांत जाऊन अडकलो. ट्रकमधला माणूस उतरून धावत आला. मला वाटलं आता शिव्या देईल. त्यानं आत वाकून बघितलं, आम्ही दोघं ठीक आहोत हे पाहिलं, आणि मला विचारलं, “बाई, भाऊ घेऊन राह्यले का?” म्हणजे प्यायलेत का. मी म्हटलं, नाही हो, थेंब नाही. तो म्हणाला, “मंग सांभाळून जा,” पण त्याला पटलं नव्हतं.

हे खाली उतरले आणि गाडीचे कोपरे दाबायला लागले. एकेक कोपरा. गाडी दर वेळी एकदा वर येऊन जागेवर बसत होती. मला एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते नीट समजलं, की गाडी बसते आहे, गाडीत काही नाही. आणि मी त्यांच्याकडे बघितलं. ते पाय फाकवून चालत होते. एका कोपऱ्याकडून दुसऱ्याकडे जाताना गाडीवरचा हात सोडत नव्हते.

तरीसुद्धा मी काही बोलले नाही. माणूस भेदरला की असाच चालतो, असं मनाला सांगितलं. बोलले ते गुणवंतराव. गाडी त्यांच्याकडे गेली तेव्हा ते स्वतः चालवून आले, बल्लारपूरच्या बाजूनं लांब चक्कर मारून. दादांना म्हणाले, “भाऊ, गाडी मस्त आहे. आता हिले काही करू नका.” हे ऐकेनात. “नाई ना, डोलते. तुमी जोरात नसान चालवली.” गुणवंतराव त्यांच्याशी वाद घालत बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते माझ्या शाळेत आले. मधल्या सुट्टीत, हात पुसत, फाटकापाशी उभे. म्हणाले, “बाई, राग नोका मानू. मी त्या गाडीचं स्टेअरिंग सोडून पाह्यलं. सरळ सुतात जाते. गाडी नाई डोलून राह्यली बाई.” त्यांनी हात पुन्हा पुसले. मग म्हणाले, “मी त्यायले चाय देतो ना, तं ते दोन्ही हातानं कप धरते. आधी असे नोते धरत. तुमी एखाद्या मोठ्या डॉक्टरले दाखवा.” मला त्यांचा इतका राग आला की मी त्यांना बसासुद्धा म्हणाले नाही. वर्गात जाऊन पोरांना गणित घातलं आणि फळ्यावर स्वतःच चुकवलं.

डॉक्टरांना इथे दाखवलं, मग नागपूरला. त्या डॉक्टरांनी तपासलं ते फार साधं होतं. एका सरळ रेषेवर एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकवत चालायला सांगितलं. स्वतःच्या नाकाला बोट लावून मग डॉक्टरांच्या बोटाला लावायला सांगितलं. दादांचं बोट हवेतच इकडेतिकडे फिरत राहिलं. मी खुर्चीत बसून ते बघत होते. मला उठून त्यांचा हात धरून ते बोट तिथे टेकवून द्यावंसं वाटत होतं. मग फोटो काढले डोक्याचे. मागच्या बाजूला जो लहान मेंदू असतो, शरीराचा तोल सांभाळणारा, तो झिजत चाललाय. म्हणजे गाडी डोलतेय असं त्यांना खरंच वाटत होतं. ते खोटं बोलत नव्हते. बाहेरचं जेवढं बदलता येत होतं तेवढं त्यांनी बदलून पाहिलं, बिचाऱ्यांनी.

डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं होतं का, आईवडिलांना? हे पटकन म्हणाले, “नाही. वडील तसे चालायचे, पण ते दारू प्यायचे.” डॉक्टरांनी लिहिणं थांबवून त्यांच्याकडे बघितलं.

परत येताना बसमध्ये उमरेड गेलं, भिवापूर गेलं. नागभीडच्या पुढे जंगल लागल्यावर खिडकीकडे तोंड करून म्हणाले, “बाबा पीत नोते, रंजीता. पोळ्याले, होळीले थोडीशी घेत. आमी सारेच म्हणत होतो पीते म्हणून.” मी तुमच्या बाबांना पाहिलेलं नाही, भिंतीवरचा फोटो तेवढा. वारलू धिवर म्हणजे डोंग्यात उभा राहून जाळं फेकणारा माणूस, सगळ्या तलावावर त्यांच्यासारखा हात कुणाचा नव्हता, हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आले. मग ते तलावाच्या पाळीवरून चालताना झोकांड्या द्यायला लागले, जिभेवर शब्द अडखळायला लागले, आणि गावानं ठरवून टाकलं. आई सगळ्यांना सांगायच्या म्हणे, “तोंडाले वास नाई येत वं, मी जवळ झोपतो ना.” लोक म्हणायचे, नवऱ्याची बाजू घेते. आणि जन्मभर पाण्यावर राहिलेला माणूस डोंग्यातून कलंडून बुडाला, तेव्हा दुःखापेक्षा दूषणंच जास्त मिळाली त्यांना. दादा म्हणाले, बाजारात बाबा समोरून आले की मी गल्लीत वळायचो. एवढं बोलून ते रडले. भरलेल्या बसमध्ये. मी पदर पुढे धरला, दुसरं काय करणार.

रक्त तपासायला बाहेर पाठवलं होतं, त्याचा निकाल आला. तेच आहे. औषध नाही. मी तो प्रश्न डॉक्टरांना तऱ्हेतऱ्हेनं विचारला, मुंबईला असेल, बाहेरच्या देशात असेल, आयुर्वेदात असेल. ते सज्जन आहेत, दर वेळी न चिडता नाही म्हणाले. व्यायाम करायचा, पडू द्यायचं नाही, जितकं हळू होईल तितकं हळू. आता ते भिंतीला धरून चालतात. जीभ जड झाली आहे. म्हणून फोनवर येत नाहीत, आचल. पहिल्या शब्दाला तुला कळेल, आणि तुला वाटेल की दादा प्यायलाय. हे ते मला म्हणाले, तसंच्या तसं.

गाडी आहे अजून. विकू म्हटलं तर ऐकत नाहीत. मी चालवायला शिकले. गुणवंतरावांनीच शिकवलं. गॅरेजमध्ये जाऊन त्यांची माफी मागायची तर उलट त्यांनीच मला जत्रेतल्या पोरीसारखं मैदानात फिरवून आणलं. गेल्या महिन्यात पहिल्यांदा मी यांना डावीकडे बसवून जुनोन्याच्या रस्त्यानं नेलं. निघण्याआधी त्यांनी हट्टानं खाली बसून चारही बटणं मऊ बाजूला फिरवली. पाना दोनदा हातातून पडला, मी मुद्दाम उचलून दिला नाही. वाटेत बराच वेळ ते रस्त्याकडे बघत होते. मग म्हणाले, “अजून डोलते थोडीशी.” मी म्हटलं, “हो, डोलते. गुणवंतरावले दाखवू.” त्यांना माहीत आहे, मला माहीत आहे. तरी आम्ही ते बोललो, आणि ते बोलून दोघांनाही जरा बरं वाटलं.

आता खरं लिहायचं आहे ते लिहिते. डॉक्टरांनी निकालाच्या दिवशी मला आत एकटीला बोलावलं होतं. हे रक्तातून येतं. आईबापांपैकी एकाला असलं की प्रत्येक लेकराला येण्याची शक्यता अर्धी. येईल किंवा नाही येणार, कुणाच्या हातात नाही. तेव्हा मी पहिल्यांदा देवाला म्हटलं, बरं झालं आम्हाला मूल दिलं नाहीस, आणि मग तसं म्हटल्याबद्दल रात्रभर स्वतःला कोसलं. दादांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, “आचलले नको सांगू. उपाय नाई तं कायले सांगतं? तिले हासू दे.” त्यांना शब्द दिला आणि आजवर पाळला. पण परवा तू फोनवर हसत हसत सांगत होतीस की जिन्यावर पाय घसरतो म्हणून पुन्हा नवी चप्पल घेतली, अमरावतीत एक धड चप्पल मिळत नाही, आणि रोशनी चिडवते की आई वरण वाढताना ताटाबाहेर सांडते. तू हसत होतीस आणि मी फोन धरून भिंतीला टेकून बसले. चप्पलच वाईट असेल, आचल. जिना ओला असेल. माझी सगळी इच्छा तीच आहे. पण आम्ही दीड वर्ष गाडीचे भाग बदलत राहिलो, म्हणून मला गप्प बसवत नाही. तपासून घ्यायचं की नाही हे तू ठरव, कळून काही हाती लागणार नाही हेही खरं आहे, मी तुला त्यात काही सांगू शकत नाही. जावईबापूंना हे पत्र वाचायला दे, एकटी घेऊन बसू नकोस. मला फोन कर, मी त्याच दिवशी निघते, डॉक्टरांकडे तुझ्याबरोबर मी येईन. हे पत्र लिहिल्याचं दादांना माहीत नाही. त्यांना मी सांगेन, मला रागावले तर रागावू दे.

तुझीच,
रंजीता वहिनी